मायक्रोकाका

कवडीचुंबक माणूस ओळखायला सोपा असतो. तो चहा पाजत नाही. आमचे डोंबिवलीचे मायक्रोकाका चहा पाजतात, वर खारी देतात, लग्नाकार्यात आहेरही भरघोस करतात. त्यांचा जीव अडकतो तो फक्त मायक्रोअँपमध्ये. निवृत्त झाल्यावर लोक हरिपाठाला लागतात, काका मायक्रोकंट्रोलरला लागले.

ही जमात हल्ली बऱ्याच सोसायट्यांत आढळते. हाताशी मल्टिमीटर असतो आणि कुठेही एलईडी उगाच जळताना दिसला की पोटात कालवतं. लॅमिंग्टन रोडवरून नवाकोरा अर्डुइनो उनो आणला की काका आधी सोल्डरिंग आयर्न तापवतात आणि बोर्डावरचा ‘चालू आहे’ सांगणारा दिवा उपटून काढतात. “अरे, चिप झोपली तरी हा जागा! कशासाठी? चिप झोपली आहे हे सांगायला?”

यावर काही बोलायचं नसतं. एकदा मी बोललो. झोपलेली चिप खाऊन खाऊन खाणार किती, असं विचारून बसलो. काकांनी दुधाच्या हिशेबाची वही उलटी करून मांडलंच. एटीमेगा ३२८पी, १.८ व्होल्टवर, सगळं बंद करून गाढ झोपवली तर ०.१ मायक्रोअँप. नाण्याएवढा सीआर२०३२ सेल साधारण २२० मिलिअँप-अवरचा. भागाकार केला, अडीचशे वर्षं आली! “पण काका, सेल ठेवल्या ठेवल्याच त्याआधी कधीचा संपेल,” मी म्हणालो. काका गप्प झाले. मग म्हणाले, “सेल नालायक असतात.”

त्यांची तुळशीची कुंडी हा तर स्वतंत्र अध्याय. माती सुकली की एक सेकंद बझर वाजवायचा, एवढंच त्या यंत्राचं काम. त्यासाठी चिपचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके. “माती काय पळून चालली आहे?” काका कळवळले. नुसता वेग उतरवून बचत होतेच असं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. काम तेवढंच, ते फक्त लांबतं. कधी कधी झटपट उरकून झोपणंच स्वस्त पडतं. पण वेग उतरला की व्होल्टेज उतरवता येतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाचते. ‘वर्गाने’ म्हणताना काकांचा आवाज जरा ओला होतो.

तर त्यांनी घड्याळाला २५६ने भागलं. राहिले साडेबासष्ट हजार ठोके. मीटरवरचा आकडा धाडकन उतरला आणि काकांनी मला खारी दिली. पण प्रोग्राममधला सेकंदही चिप याच ठोक्यांवर मोजते, ही गोष्ट त्या आनंदात राहून गेली. पुढे बरेच दिवस ती कळायचं कारणही नव्हतं, कारण काकू रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात.

मग काकू चार दिवस माहेरी गेल्या. तिसऱ्या रात्री दीडच्या सुमाराला माती सुकली आणि एका सेकंदाचा बझर सुरू झाला. एक सेकंद गुणिले २५६, म्हणजे चार मिनिटं सोळा सेकंद. खालच्या मजल्यावरचे जोशी गॅस गळतो आहे म्हणून पायजम्यावर जिन्यात आले, वॉचमनने गाडी चोरीला गेली म्हणून शिट्टी फुंकली. काका मात्र बाल्कनीत, मीटरच्या दोन्ही पिना तारांना लावून, थिजलेले. चिपचे महिनोन्महिने वाचवलेले मायक्रोअँप तो बझर त्यांच्या डोळ्यांदेखत मिलिअँपच्या घासांनी गिळत होता. सेल उपटायचं त्यांना सुचलं नाही. आकडा तरी टिपून घेऊ, म्हणाले.

काकू परतल्या तोवर ही कथा सोसायटीभर झाली होती. त्यांनी ती पूर्ण ऐकली, बाल्कनीत डोकावल्या आणि विचारलं, “अहो, मग पाणी कोणी घातलं?”

काकांनी मीटर बंद केला.