अमुक मालिका फेम

नटवर्य अखेर मालिकेत गेले. ‘टीव्ही म्हणजे कला नव्हे, कारखाना’ असं ते दादरच्या शिवाजी मंदिरच्या कट्ट्यावर वर्षानुवर्षं ठणकावून सांगत आले. त्या वेळी चहाचे पैसे कायम दुसराच कोणीतरी देई, हा तपशील कोणी मनावर घेतला नाही. मग चॅनेलचा फोन आला, लूक टेस्ट झाली आणि त्याच कट्ट्यावर ‘माध्यम दुय्यम, अभिनय महत्त्वाचा’ हे नवं सूत्र जाहीर झालं.

भूमिका सासऱ्याची. श्रीमंत सासऱ्याची, म्हणजे झोपतानाही अंगात जाकीट. पहिल्याच दिवशी नटवर्यांनी विचारलं, ‘या माणसाचा पूर्वेतिहास काय?’ दिग्दर्शक म्हणाला, ‘सर, गुरुवारी टीआरपी आला की सांगतो.’ तालीम नव्हतीच. सीनचे कागद मेकअप करतानाच हातात पडले. शेवटच्या रांगेसाठी कमावलेला आवाज त्यांनी लावला, तेव्हा साउंडवाल्याने हेडफोन काढून कान चोळले. ‘सर, बोलू नका, फक्त बघा.’

तेव्हापासून नटवर्य बघतात. सून म्हणते, ‘बाबा, ती फाइल मीच...’ आणि नटवर्य समोरून बघतात, डावीकडून बघतात, मग कॅमेरा नाकापर्यंत आला की पुन्हा बघतात. नाटकात वन्समोअर मागावा लागतो. इथे तो न मागता तीनदा मिळतो, वर ढगांचा गडगडाट फुकट.

कोणी छेडलंच, तर दाखले तयार असतात. डॉ. श्रीराम लागू 1970 साली रंगमंचावर ‘नटसम्राट’ झाले आणि 1972 साली ‘पिंजरा’तले मास्तरही झाले; मग आम्ही काय घोडं मारलंय? बालगंधर्वांचा दाखला मात्र ते टाळतात. 1935 साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’साठी गंधर्व कॅमेऱ्यासमोर गेले. स्त्रीभूमिकेतल्या ज्यांच्या शालूची घडी पाहून घरंदाज बायका लुगडं नेसायला शिकत, त्यांना पडद्याने संत एकनाथ करून टाकलं. ते परतले थेट रंगभूमीवर. आणि प्रशांत दामल्यांचं काय? 2022 साली कारकिर्दीतला 12,500वा नाट्यप्रयोग केलेला माणूस, पण काही काकूंच्या लेखी ते अजून टीव्हीवरच्या ‘आम्ही सारे खवय्ये’वालेच!

पैशाचं विचाराल, तर नाटकाची नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, रंग उतरवेपर्यंत पाकिटातून हातात येते. मालिकेचे पैसे नव्वद दिवसांनी. मधल्या काळात श्रीमंत सासरा स्पॉटबॉयकडून रिक्षाचे सुटे मागतो. पण नव्वद दिवसांनी का होईना, येतात ते दर महिन्याला येतात. घराचे हप्ते शनिवार-रविवारच्या प्रयोगांवर फिटत नाहीत, यात हसण्यासारखं काही नाही.

पुढे टीआरपी घसरला, मालिकेने लीप घेतला आणि सासरा भिंतीवर गेला, हार घालून. त्या फोटोचं मानधन मिळत नाही. नटवर्य नाटकात परतले.

जाहिरातीत त्यांच्या नावामागे ‘मालिका फेम’ हे नाटकाच्या नावाहून ठळक टायपात छापलं होतं. मालिकेआधी ज्या नाटकांत त्यांनी हाडं झिजवली, त्यांतल्या एकाचाही उल्लेख नव्हता. प्रयोगाला एंट्रीलाच टाळी पडली. त्या टाळीत त्यांचं पहिलं वाक्य वाहून गेलं. मध्यंतरात रंगपटात आलेल्या आजींनी सेल्फी घेतला आणि बजावलं, ‘सुनेला इतकं छळायला नको होतं हो तुम्ही!’ दुसरा अंक सुरू झाला तेव्हा आजी बाल्कनीत फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवत होत्या.

तेव्हा मायबाप रसिकहो, चांगला नट टीव्हीने पळवला म्हणून हळहळू नका. ‘यात टीव्हीवरचं कोण आहे?’ हा प्रश्न बुकिंगच्या खिडकीत चॅनेलवाले येऊन विचारत नाहीत, आपणच विचारतो. येत्या रविवारी तो न विचारता एक तिकीट काढा.