भाऊकाकांचा बंदोबस्त

घराबाहेर पडताना भाऊकाकांच्या अंगावर नऊ खिसे असतात. त्यांतले चार जगाला दिसतात, तीन काकूंना माहीत आहेत, आणि उरलेल्या दोनांपैकी एक नेमका कुठे आहे हे ऐनवेळी खुद्द भाऊकाकांनाही आठवत नाही. आमच्या डोंबिवलीतल्या शिंप्याने बंडीला चोरखिसा शिवून देताना सहज विचारलं, "काका, यात किती ठेवणार?" काकांनी बंडी उचलली आणि थेट दुसरा शिंपी गाठला. त्याने काहीच विचारलं नाही. तेव्हापासून काकांना त्याचाही संशय येतो. "विचारलं कसं नाही रे त्याने?"

उभी हयात एका सहकारी बँकेत गेली, त्यातली शेवटची वर्षं लॉकरच्या खोलीत. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक खातेदाराची. दोन्ही फिरल्याशिवाय दार उघडत नाही. या एका तत्त्वाने काकांच्या मनाची जी पकड घेतली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. मुंबईला जायचं असलं की पैशांची पिशवी काकांच्या पोटाशी बांधलेली असते, तिच्या चेनला इवलंसं कुलूप असतं आणि त्या कुलपाची किल्ली काकूंच्या पर्समध्ये असते. काकू लेडीज डब्यात. म्हणजे डोंबिवली ते दादर हे पैसे जगातल्या कोणालाही काढता येत नाहीत, काकांनासुद्धा. यालाच ते बंदोबस्त म्हणतात.

काका वेडगळ आहेत असा समज मात्र करून घेऊ नका. त्यांचं ज्ञान चोख आहे. पाकिटाला आडवी-उभी रबरं लावली की ते खिशातून सुळकन निघत नाही, रबर कापडाला धरून बसतं, हे त्यांनी मला शाळेत असताना सांगितलं होतं आणि ते खरं आहे. मागच्या खिशात पाकीट ठेवू नये, शर्टाच्या वरच्या खिशात फोन ठेवून गाडीत चढू नये, सॅक पाठीवरून पोटावर घ्यावी, हे सगळं आता मुंबईत कोणीही करतो. काका ते फार पूर्वीपासून करत आलेत. आणि त्यांचा मुख्य सिद्धांत तर लोहमार्ग पोलिसांनाही मान्य व्हावा. "चोरी गाडीत होत नाही, दारात होते," ते सांगतात. "चढताना पुढचा माणूस एकदम थबकतो, काहीतरी विसरल्यासारखा. मागचा तुला ढकलतो. तू दोघांवरही चिडतोस. तुझं डोकं चिडण्यात गुंतलं की तिसरा आपलं काम करतो आणि माल चौथ्याकडे देतो. तू तिसऱ्याला पकडलंस तरी त्याच्या खिशात कंगवा निघणार!"

अडचण एवढीच की हे सगळं ते भर डब्यात, कुर्ला ते शीव, खणखणीत आवाजात सांगतात. कोणत्या खिशात काय ठेवावं हे सांगताना हात आपोआप त्या त्या खिशाकडे जातो. "पास इथे. मोठी नोट इथे. आणि इथे काय आहे ते मी सांगणार नाही." ऐकणाऱ्यांत एखादा त्या व्यवसायातला असेल, तर त्याला वही काढून टिपून घेण्याचा मोह झाला असेल.

स्टेशनांवर 'खिसेकापूंपासून सावध राहा' अशा पाट्या असतात. पाटी वाचली की माणूस नकळत आपला खिसा चाचपतो, म्हणून चोर पाटीच्या शेजारीच उभा असतो, हे काकांना ठाऊक आहे. त्यामुळे पाटीजवळ ते मुद्दाम हात बांधून, आकाशाकडे बघत चालतात. पण पाटी मागे पडली की आतला धीर सुटतो. मग संध्येतल्या अंगन्यासासारखे त्यांचे हात छाती, खांदा, कंबर, पोटरी असे क्रमाने फिरतात. नऊच्या नऊ. एखादा हुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

या व्यवस्थेची खरी परीक्षा चोराने कधी घेतली नाही. घेतली ती दादरच्या पुलावर टीसीने. काका आणि काकू गिरगावात बहिणीकडे निघाले होते, मी बरोबर होतो. पश्चिम रेल्वेकडे वळताना टीसीने तिकीट मागितलं. काकांनी शांतपणे शर्टाचं वरचं बटण काढलं. मग दुसरं. तिसऱ्या बटणाला टीसी म्हणाला, "काका, काय करताय?"

"तिकीट देतोय."

बंडीच्या चोरखिशाला सेफ्टी पिन होती. ती निघाली. आत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पाकीट, पाकिटाला रबरं, आणि पाकिटात काकांच्या अक्षरातली चिठ्ठी: 'तिकीट पोटावरच्या पिशवीत.' पोटावरच्या पिशवीची किल्ली काकूंकडे, आणि काकू तोवर गर्दीबरोबर पूल उतरून खाली फूलबाजाराकडे गेलेल्या. आजूबाजूला माणसं थांबली. कोणीतरी हळूच फोन काढला. टीसी हात जोडून म्हणाला, "राहू द्या काका, ज्येष्ठ नागरिक आहात, जा तुम्ही."

"जा कसं? तिकीट आहे माझ्याकडे! बघितल्याशिवाय मी जाणार नाही."

काकू परत येईपर्यंत तो सज्जन माणूस तिथे अडकून पडला. तेवढ्या वेळात त्याच्या पाठीमागून कॉलेजची किती पोरं बिनतिकीट पसार झाली याची मोजदाद रेल्वेने कधी करू नये.

नऊ खिशांतला सर्वांत कौतुकाचा खिसा म्हणजे पँटचा मागचा. त्यात खोटं पाकीट असतं. चोराला काहीतरी मिळालं की तो खऱ्याच्या मागे लागत नाही, हा हिशोब. सुरुवातीला ते रिकामं होतं, पण मग काकांना वाटलं, इतक्या चपट्या पाकिटावर कोण हात टाकेल? म्हणून बेस्टची जुनी तिकिटं भरली, लोकांची व्हिजिटिंग कार्डं भरली, स्वतःचंही एक ठेवलं. २०१६च्या नोटबंदीत गादीखाली राहून गेलेली पाचशेची एक जुनी नोट सापडली, तिला जणू याचसाठी देवाने मागे ठेवलं होतं. दर्शनी भागात एक चालू दहाची. आत काहीतरी घबाड आहे असं वाटावं म्हणून यालाही दोन रबरं. शेवटी एक चिठ्ठी, 'यात काही नाही. कष्ट करून खा.' आणि ती वाचून चोराचं मन वळावं म्हणून गजानन महाराजांचा छोटा फोटो. त्यावरून घरात मोठं भांडण झालं. "महाराजांना मागच्या खिशात? तुम्ही त्यांच्यावर बसता अहो!" काकूंचं म्हणणं रास्त होतं. काका तेव्हापासून गाडीत बसत नाहीत, उभे राहतात.

आणि इतकं करूनही ते पाकीट कोणी मारलं नाही.

हे काकांना लागत होतं. वर्षामागून वर्ष गेलं, यूपीआय आलं, लोकांच्या पाकिटांत सुट्या पैशांऐवजी आधार कार्डाची झेरॉक्स उरली. चोरांची नजर पाकिटावरून फोनवर गेली. रुळांलगतच्या खांबाशी उभं राहून दारातल्या माणसाच्या हातावर काठीचा फटका मारायचा आणि खाली पडलेला फोन उचलून पळायचं, असल्या प्रकारांनी कित्येक जण तोल जाऊन जायबंदी झाले. काका त्याबद्दल घृणेने बोलतात. "काठीने काय, कैऱ्यासुद्धा पाडतात. यात कसब कुठे आहे?" पण बंदोबस्तात कसूर नाही. फोनला दोरी, दोरी कमरेच्या पट्ट्याला. दोरी आखूड आहे, त्यामुळे फोन आला की त्यांना वाकून बोलावं लागतं. बघणाऱ्याला वाटतं पलीकडे बँकेचे चेअरमन आहेत. फोनचा पंधरा आकडी आयएमईआय *#०६# दाबून मिळतो आणि चोरीनंतर 'संचार साथी'वर तो दिला की फोन बंद पाडता येतो, रेल्वे पोलिसांचा नंबर १५१२, हे सगळं काकांनी नातवंडांकडून पाढ्यांऐवजी पाठ करून घेतलंय. धाकटी नात पाहुण्यांपुढे आयएमईआय म्हणून दाखवते.

मधे मुलीने दोघांना युरोप टूरला पाठवलं. काकांना पॅरिस बघायचंच होतं, कारण २०१३ साली लूव्ह्र संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांनी खिसेकापूंना कंटाळून काम थांबवलं होतं आणि संग्रहालय एक दिवस बंद ठेवावं लागलं होतं, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. त्या कात्रणाची घडी त्यांच्याकडे अजून आहे. आयफेल टॉवरखाली हातात कागदाचं पॅड घेतलेल्या मुली सह्या मागायला येतात. तुम्ही सही करता आणि दुसरीचा हात तुमच्या बॅगेत जातो. काकांनी त्यांतल्या एकीला संस्थेचा नोंदणी क्रमांक, मागच्या वर्षीचा ताळेबंद आणि कोशाध्यक्षाची सही मागितली. पोरगी पळाली. मेट्रोत खिसेकापूंपासून सावध राहण्याची सूचना वेगवेगळ्या भाषांत ऐकून त्यांचे डोळे पाणावले म्हणे.

परत आल्यावर मी विचारलं, "मोनालिसा कशी होती?"

"गर्दी होती."

"पण चित्र?"

"चित्र कोण बघतंय! सगळे तिच्याकडे तोंड करून उभे. खिसा जातो तो त्याच वेळी. मी तिच्याकडे पाठ करून लोकांवर नजर ठेवली." काकूंनी ते चित्र मनसोक्त पाहिलं. त्यांची पर्स सुरक्षित राहिली याचं श्रेय काका आजही घेतात.

मग गेल्या गणपतीत लालबागच्या रांगेत ते घडलं. रात्री अकरा वाजता काकांचा फोन. "गेलं!" मला वाटलं, कोणीतरी गेलं. "अरे, मागचं! मला कळलंसुद्धा नाही! काय हात असेल रे!" दुसऱ्या दिवशी सोसायटीत पेढे वाटले. पोलीस चौकीतही जाऊन आले. हवालदाराने विचारलं, रक्कम किती? काका म्हणाले, एक पाचशेची बंद, एक दहाची चालू. मग तक्रार कशाची? "तक्रार नाही हो," काका म्हणाले, "नोंद."

खिसेकापू पैसे काढून घेतात आणि कागदपत्रं पोस्टाच्या लाल पेटीत टाकून देतात, ही मुंबईची जुनी रीत आहे. काकांच्या पाकिटालाही तो मान मिळाला. पंधरवड्याने पोस्टमन दारात उभा. मी तिथेच चहा पीत होतो. काकांनी यादी काढली. यादी होतीच.

"पाचशेची, आहे. चिठ्ठी, आहे. तिकिटं, कार्डं, आहेत. दहाची, नाही. महाराज..." काकांनी पाकीट उलटं करून झटकलं. "महाराज नाहीत."

काकूंनी हात जोडले. "मी सांगत होते. गेले की नाही निघून?"

"आणि रबरं नाहीत. दोन्ही." काका पुटपुटले. त्यांना महाराजांपेक्षा याचं जास्त लागलं. "ती कशी काढली असतील त्याने? त्या गर्दीत? एका हाताने?"

"अहो, त्या पोस्टमनला आधी चहापाण्याचं द्या काहीतरी."

"किल्ली तुझ्याकडे आहे," काका म्हणाले. मग त्यांनी टेबलाच्या खणातून दोन रबरं काढली, पाकिटावर आडवी-उभी चढवली आणि मला उठवून ते माझ्या मागच्या खिशात कोंबलं.

"भिंतीकडे तोंड कर. तू आता मोनालिसा बघतोयस."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. काही वेळाने कंबरेपाशी चिमटा बसला.

"कळलं?"

"हो काका."

"हलू नकोस. परत."