नाना केनियात, पिंगळा शहाद्यात

आमच्या शहाद्यातले एक नाना नुकतेच केनियात पक्षी पाहून आले. गाइड, जीप, पक्ष्यांची छापील यादी, सगळं पॅकेजमध्ये. सतरा खिशांचं जाकीट अजून अंगावरून उतरलेलं नाही. परवा ते घालूनच मेथीची जुडी घ्यायला आले होते. वहीत हिशेब पक्का: बारा दिवस, दोनशे चौदा पक्षी, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. खर्च किती आला विचारलं, तर आवाज एकदम खाली. वहिनी शेजारीच उभ्या होत्या.

"आणि नाना, रानपिंगळा?"

"तो नाही बुवा दिसला. टांझानियात असेल."

नाना, तो तुमच्या जिल्ह्यात असतो!

१८७३ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ ह्यूमसाहेबांनी या छोट्या घुबडाचं शास्त्रीय बारसं केलं. पुढे खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी इकडे त्याचे काही 'नमुने' गोळा केले. म्हणजे गोळी घालून पेंढा भरला. १८८४ नंतर पक्षी गायब. मग कर्नल माइनर्ट्झहागेन नावाच्या गृहस्थांनी लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसनचाच एक पिंगळा लांबवला, उसवून नव्याने शिवला आणि पायाला चिठ्ठी बांधली: मांडवी, गुजरात, १९१४. ती चिठ्ठी खरी मानणारे पुढे भलत्याच रानात शोधत बसले. सातबाऱ्यावर परस्पर नाव चढवणारे आपल्याकडेही आहेत, पण घुबडाचा उतारा बदलणारा हा एकटाच.

पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ बाईंना त्या चिठ्ठीचा वास आला. त्यांनी मांडवीवर काट मारली आणि जुने, खरे पत्ते धरून शोध सुरू केला. सोबत डेव्हिड ॲबट आणि बेन किंग. हे किंग कोण? पैसे घेऊन हौशी मंडळींना देशोदेशीचे पक्षी दाखवणारे टूरवाले! नाना ज्या धंद्यात पैसे ओतून आले, त्याच धंद्यातला माणूस त्यांच्याच शहाद्याकडे आला होता. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या रानात निष्पर्ण झाडावर पक्षी बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. आणि आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ चा. घुबड आधी सापडलं, जिल्हा नंतर.

'सापडलं' हा शब्द मला जरा खटकतोच. ते हरवलं होतं पुस्तकांतून. सातपुड्यात गुरं चारणाऱ्याच्या डोक्यावरून ते रोज उडत असेल, पण त्याच्याकडे वही नव्हती.

ओळखायचं कसं? गावातल्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. छाती गडद तपकिरी, पोट पांढरं, आणि अंगाच्या मानाने पाय चांगलेच दणकट. विरळ सागवानात भरदिवसा फांदीवर बसतो, शेपटी हलवत सरड्यावर नजर ठेवतो. घुबडासारखं घुबड, पण ऑफिसची वेळ पाळणारं. पुढे तो मेळघाटात, यावलमध्ये, २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसातही दिसला. तरी जगभरचे पक्षीवेडे सातपुड्यातल्या तोरणमाळची वाट विचारत येतात, आणि आपण त्यांना तिथला यशवंत तलाव दाखवून परत पाठवतो.

हे सगळं ऐकून नाना पेटले. "रविवारीच जाऊ," म्हणाले, आणि सतरापैकी एका खिशातून मोबाइल काढला. केनियात गाइड मोबाइलवर पक्ष्याची हाक वाजवायचा, की पक्षी समोर हजर. रानपिंगळ्याची हाकही नानांनी तिथल्या तिथे शोधली आणि भाजीबाजारात वाजवून दाखवली.

रविवारी जाऊ नाना, जरूर जाऊ. शहाद्याहून तोरणमाळला एसटी आहे. पण मोबाइलवरची ती हाक ऐकून रानपिंगळ्याला वाटतं, कुणी दुसरा आपल्या जागेवर घुसला. शिकार टाकून, पिल्लं टाकून तो भांडायला धावतो, आणि समोर असतं तुमचं जाकीट. मोबाइल घरी वहिनींकडे ठेवून या.