छत्री

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर अण्णांच्या तोंडून निघालेला पहिला स्पष्ट शब्द म्हणजे ‘हलकट’. फिजिओथेरपी करणाऱ्या मुलानं त्यांचा आखडलेला उजवा हात जरा जोरात उचलला, आणि इतके दिवस नुसतं ‘आं आं’ करणारे अण्णा खणखणीत बोलले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या मुलाला आम्ही आग्रह करकरून शिरा वाढला. शिवी खाऊन वर शिरा खाणारा तो पहिलाच असावा.

झटका रात्री झोपेत आला होता. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. आमचे ते तास कधी सुरू झाले हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली, उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. समज मात्र जागच्या जागी. याला वाचाघात म्हणतात. शेजारच्या काकांनी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. ‘कबुतरानं कुणाचं काय बिघडवलंय?’ म्हणून आईनं तो विषय मिटवला.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी आमच्या शिऱ्यावर हळूच विरजण घातलं. ठरवून बोलणं गेलं तरी शिव्या, पाढे, आरत्या अशा जिभेवर बसलेल्या गोष्टी पुष्कळदा शाबूत राहतात म्हणाल्या. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांकडे असाच एक रुग्ण आला होता. काहीही विचारा, तो ‘टॅन’ एवढंच म्हणे. फार चिडला की मात्र शिवी हासडी. तो गेल्यावर त्याचा मेंदू तपासून ब्रोकांनी बोलण्याचं ठिकाण दाखवून दिलं.

आमच्या अण्णांचा ‘टॅन’ म्हणजे ‘छत्री’. कुठून आली देव जाणे. चहा हवा, छत्री. पंखा बंद करा, छत्री. विराट बाद झाला, छत्री. गणपतीची आरती सगळ्यांच्या सुरात शेवटपर्यंत म्हणतील आणि मोदक मागताना पुन्हा छत्री! वहिनीनं चित्रांचा तक्ता करून दिला, कपाच्या चित्रावर बोट ठेवलं की चहा. अण्णांनी तो बघितला आणि उलटा ठेवला. मी काय बालवाडीत आहे का, हे त्यांनी छत्रीशिवायच सांगितलं.

आता आईला सुरावरूनच कळतं. परवा आमटी तोंडात घालताच अण्णा कडाडले, ‘छत्री!’

‘मीठ कमीच घालायचं, डॉक्टरांनी सांगितलंय.’

‘छत्री, छत्री!’

‘उगाच माझं माहेर काढू नका हं!’

दादा आणि मी ताटावर मान खाली घालून हसत होतो. कितीतरी रिपोर्ट आम्ही जीव मुठीत धरून वाचले. पण घर पुन्हा उभं राहतंय असं वाटलं ते त्या भांडणानं. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो, पुढेही वाचा वर्षानुवर्षं थोडी थोडी परतू शकते. अण्णा हल्ली मधूनच ‘चहा’ म्हणतात. कधी तो कॉफीला असतो, पण गल्ली बरोबर आहे.

भेटायला जरूर या. फक्त ओरडून बोलू नका, त्यांना उत्तम ऐकू येतं. त्यांच्यासमोर आम्हाला ‘यांना कळतं का हो?’ असं विचारू नका. शब्द अडला तर तुमचा पुढे सरकवायची घाई करू नका, जरा थांबा. आणि शिवी मिळालीच, तर शिरा खाऊन जा.