बोंबील-युग्म-मीमांसा

उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालताना दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात, हे कोणालाही दिसते. परंतु कोणाचा जबडा कोणाच्या जबड्यात, या मूलगामी प्रश्नाकडे विद्वानांनी आजवर पाठ फिरवली आहे.

प्रथम क्षेत्रमर्यादा. २००२ साली महानगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदरच्या एका टोकाला वसईच्या खाडीवरचे वरसावे, दुसऱ्या टोकाला उघड्या समुद्रावरचे उत्तन. समुद्राची भरती खाडीत शिरून भाईंदर मागे टाकत वरसाव्याला जरा उशिराच पोचते. तिथे महामार्गाच्या पुलावर अडकलेला ट्रकवाला वाकून ती पाहत नाही, कारण कोंडी भांग-उधाण (लहान-मोठी भरती) पाळत नाही. (२०२३ साली नवा पूल सुरू झाला, त्याने या निष्कर्षाला बाध येत नाही.) उत्तनच्या डोलकराला ही चैन परवडत नाही. डोल, म्हणजे त्याचे जाळे, ओढायची नसते. ती प्रवाहाकडे तोंड करून समुद्रात बांधून ठेवायची, मासळी पाण्यानेच आणून घालायची. म्हणून धंदा उधाणाला, जाळ्यांची डागडुजी भांगाला.

आता मूळ विषय. कालवणाआधी बोंबलाचे डोके उडवतात, तळायचा असेल तर वर पाटा ठेवून अंगातले पाणीही काढतात. मग एवढे रुंद तोंड आणि एवढे दात कशासाठी? भक्ष्य धरायला, असा पूर्वपक्ष आहे; पण ते मत खुद्द बोंबलाचे, म्हणजे पक्षपाती. सिद्धान्त असा की डोके टांगण्यासाठीच आहे. वाळत घालायचा चिमटा अंगावरच घेऊन येणारा हा मासा.

पुरावा वलांडीपाशी मिळतो. एका हाताने एकाचे तोंड उघडायचे, दुसऱ्याचा खालचा जबडा आत सरकवायचा, किंचित पीळ, की जोडी दोरीवर. कोळीण त्या वेळी शेजारणीशी बोलत असते, बोटांकडे बघतसुद्धा नाही. वाळवणाच्या अशा जागा पुष्कळदा सातबाऱ्यावर मच्छीमारांच्या नावे नसतात. पण कुठली दोरी कुठल्या घरची, हे तिथल्या पोरालाही विचारावे लागत नाही. संशोधकाने मात्र १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत जाऊ नये, नुसते बांबू दिसतील.

शेवटी एक बोंबील विषम उरला तर, हा आक्षेप उरतोच. त्याचे दुपारी कालवण होते आणि पुरावा नष्ट होतो.