आम्ही द्वारकावाले

पत्रकात लिहिलं होतं, 'पर्वत आणि वाळवंट, एकाच सहलीत! 7 रात्री, 8 दिवस. अनुभवी मार्गदर्शक सोबत.' खाली एका उंटाचा फोटो होता. त्या उंटाच्या चेहऱ्यावरचा भाव मी तेव्हाच नीट बघायला हवा होता.

बायकोने वाचलं ते वेगळंच. "जेवण-नाश्त्यासह," ती म्हणाली. "म्हणजे आठ दिवस स्वयंपाक नाही, केर नाही, भांडी नाहीत. भरा पैसे."

पैसे भरल्यावर सूचना आल्या. त्यातली पहिलीच अशी, की शक्य झाल्यास आधी एखादा डोंगर चढून सराव करावा. नाशिककराला डोंगराची काय टंचाई? पांडवलेणी, चामरलेणी, रामशेज, अंजनेरी, ब्रह्मगिरी. मान वळवावी तिकडे डोंगर. सगळे इतके हाताशी, की आज नाही तर उद्या चढू, असं म्हणत माझी पन्नाशी उलटली. पण बायकोच्या अंगात एकदा संचारलं की लहानसहान गोष्टींत तिचं समाधान होत नाही. "चढायचं तर कळसूबाई," ती म्हणाली. 1646 मीटर. महाराष्ट्रात याच्यावर फक्त आभाळ.

रविवारी पहाटे बारी गावातून चढायला सुरुवात केली. पहिल्या अर्ध्या तासात मला माझ्या शरीरातले काही स्नायू नव्याने भेटले. लोखंडी शिडीपाशी धापा टाकत उभा होतो, तर मागून एक आजीबाई आल्या. डोक्यावर पाण्याची कळशी, कमरेला खोचलेला पदर, पायात रबरी चप्पल. वर त्यांचं लिंबूसरबताचं दुकान. "सरा बाबा बाजूला," म्हणाल्या आणि कळशीला हात न लावता शिडी चढून गेल्या. अर्ध्या तासाने मी त्यांच्याच हातचं सरबत प्यायलो. पैसे घेताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की सुट्टे परत मागायचा मला धीर झाला नाही.

आजींनीच बायकोला कळसूची गोष्ट सांगितली. कळसू ही कोळ्याची पोर. पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण अट घालून. सगळं काम करीन, केर-भांडी करणार नाही. एके दिवशी पाटलाच्या घरी पाव्हणे आले आणि तिला भांडी घासायला लावली. तिने ती घासली, पण तिथून जी उठली ती थेट डोंगरावर जाऊन बसली. जिथे भांडी घासली त्या जागेला म्हणे थाळेमेळ म्हणतात. आणि ती बसली तिथे आता तिचं देऊळ आहे. नवरात्रात जत्रा भरते.

बायकोने शिखरावर त्या एवढ्याशा देवळात डोकं टेकवलं. बराच वेळ टेकवलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

निघायचा दिवस उजाडला. निरोप आला, 'रात्री 10 वाजता द्वारका येथे उभे राहावे.' बाहेरगावच्या माणसाला यातली गंमत कळायची नाही. द्वारका हा चौक आहे, असं कागदावर आहे. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता तिथे एकमेकांना भेटतात आणि भेटल्यावर दोघांपैकी कुणालाच हलावंसं वाटत नाही. या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर जाणं हाच एक ट्रेक आहे आणि त्याला मार्गदर्शक मिळत नाही. "बिटको, बिटको, नाशिकरोड, एक सीट!" असं ओरडणाऱ्या रिक्षावाल्यांना आम्ही चार वेळा "नाही हो, आम्हाला राजस्थानला जायचंय" असं सांगितलं. पाचव्याने विचारलं, "किती सीट?"

साडेदहाला टीम लीडरचा फोन आला. "सर, आम्ही द्वारकेला आलोय, तुम्ही दिसत नाही."

"मीही द्वारकेलाच आहे. तुम्ही दिसत नाही."

"सर, पुलावर आहोत."

वर पाहिलं. डोक्यावरच्या उड्डाणपुलावरून आमची बस, तिच्यावरच्या निळ्या दिव्यांच्या माळेसकट, दिमाखात पुढे निघून गेली. ड्रायव्हर शहरात नवा. पाथर्डी फाट्यावरची माणसं घेऊन तो सरळ पुलावर चढला होता. आता तो उतरणार थेट के. के. वाघ कॉलेजपाशी आणि मग खालच्या गर्दीतून उलटा येणार. पाऊण तास लागला. तोवर बायको सॅकवर बसून शेंगा खात होती. "कृष्णसुद्धा मथुरेहून द्वारकेला पळाला," ती म्हणाली. "द्वारकेहून बाहेर कसं पडायचं, ते त्यालाही माहीत नसेल."

बसमध्ये प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र अडकवलं गेलं. नाव, रक्तगट आणि कुठून बसलात ते ठिकाण. माझ्या छातीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'द्वारका'. लीडर चोवीस वर्षांचा, गळ्यात शिट्टी. उठायला शिट्टी, चहाला शिट्टी, निसर्ग बघायला शिट्टी. मी बँकेत तीस वर्षं नोकरी केली, पण इतकं वेळापत्रक मला कुणी पाळायला लावलं नव्हतं.

सुमारे सातशे किलोमीटर बसून माउंट अबूला पोचलो. तिथलं गुरुशिखर अरवलीतलं सर्वांत उंच, 1722 मीटर. मी बसमध्येच वजाबाकी केली होती. कळसूबाईपेक्षा 76 मीटर जास्त. म्हणजे दर मीटरला नऊ किलोमीटर बस. लीडरने आम्हाला जंगलातल्या वाटेने नेलं. अबूच्या जंगलात अस्वलं आहेत, म्हणून सगळ्यांनी एकत्र चाला, बोलत राहा, असं बजावलं. आमच्या तुकडीत चार निवृत्त शिक्षक होते, त्यामुळे अस्वलांनाच सावध करायला हवं होतं. दमून, ओरखडे घेऊन, एखादा गड सर केल्यासारखे वर निघालो तर समोर पार्किंग. माणसं गाडीतून उतरून भाजलेलं कणीस खात होती. एक आजोबा लोकरीच्या टोपीत आमच्याकडे बघून नातवाला म्हणाले, "ये लोग रस्ता भूल गए।"

वर दत्ताचं देऊळ. तिथल्या पुजाऱ्यांनी माझं ओळखपत्र वाचलं, हात जोडले आणि विचारलं, "आजकल समंदर कैसा है?" मी क्षणभर आमच्या चौकातली संध्याकाळी सातची वेळ आठवली. "भरती आहे," म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं.

तिथून आणखी चारशेवर किलोमीटर गेल्यावर जैसलमेर. 1156 साली वसवलेलं गाव, किल्ल्यात अजून माणसं राहतात, धुणी वाळत घालतात. तो किल्ला दोन दिवस बघावा असा. आम्हाला शिट्टीने दीड तास दिला. मग चाळीसेक किलोमीटरवर सम नावाच्या ठिकाणी वाळूचे डोंगर. प्रवासाला निघालेला माणूस शेवटी समेवर येतो, असा विनोद मी केला. शिक्षकांपैकी एकजण हसले. ते संगीताचे होते.

माझ्या वाट्याला आलेल्या उंटाचं नाव रॉकेट. उंट उठतो तो आधी मागच्या पायांवर, ही माहिती पत्रकात नव्हती. मी पुढे कोसळणार तोच तो पुढच्या पायांवर उठला आणि मी मागे. मग चालायला लागला. उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, म्हणून वरचा माणूस खलबत्त्यात असल्यासारखा डावी-उजवीकडे आपटत राहतो. पत्रकातल्या उंटाच्या चेहऱ्यावरचा भाव मला आता ओळखीचा वाटला. कामाला कंटाळलेल्या कॅशियरचा होता तो.

उंटवाले बाबा सत्तरीचे, केशरी पागोटं. त्यांनी माझं ओळखपत्र मुलाकडून वाचून घेतलं आणि थांबलेच. "द्वारकावाले? द्वारकाधीश के यहाँ से?" खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण रॉकेट त्याच वेळी बसला आणि वाक्य घशात राहिलं. बाबांनी ओंजळ पुढे केली. "परसाद?"

सॅकमध्ये नाशिकचा चिवडा होता. मी मूठभर दिला. त्यांनी तो कपाळाला लावला, चार दाणे तोंडात टाकले, दोन रॉकेटला दिले आणि उरलेला पागोट्याच्या टोकात बांधला. मग हळूच म्हणाले, "तीखा है भगवान।"

रात्री तंबूंसमोर शेकोटी पेटली. दिवसा तापलेली वाळू अंधार पडताच गार झाली. हवा कोरडी, वर ढग नाही, मग ऊब अडवणार कोण? कमायचाच्या सुरावर मांगणियार गायला लागले. इतकं सुंदर, की लीडरसुद्धा शिट्टी विसरला. बायको डोळे मिटून ऐकत होती. गेल्या कित्येक वर्षांत मी तिला इतकं निवांत पाहिलं नव्हतं.

मग जेवण. वाढणाऱ्या पोराने डाव पुढे केला. "मॅडम, केर?"

बायकोने डोळे उघडले. "काय?"

"केर-सांगरी. राजस्थान की सब्जी."

"केर," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "इथंसुद्धा." पण भाजी चांगली होती, आंबट-तिखट. दोनदा घेतली. मला वाटलं, निभावलं.

जेवणं झाली आणि शिट्टी वाजली. लीडर उत्साहाने उभा राहिला. "आता खरी वाळवंटी मजा! ट्रेकिंगचा नियम, आपापलं ताट आपणच घासायचं. इथे पाणी नाही, वाळूने घासा, एकदम चकचकीत निघतं!" आणि त्याने पहिलं ताट बायकोच्या हातात दिलं.

तिने ते घेतलं. वाळूवर ठेवलं. पदर खोचला आणि समोरची टेकडी चढायला लागली. वाळूत पाऊल एक हात वर टाकावं तर अर्धा हात खाली घसरतं, पण ती थांबली नाही. कळसूबाईच्या त्या आजीबाईंसारखी, कशालाही हात न लावता माथ्यावर पोचली आणि शाल गुंडाळून तिकडे तोंड करून बसली.

लीडरने शिट्टी वाजवली. दोनदा. मग माझ्याजवळ आला. "सर, मॅडम रागावल्या का? कधीपर्यंत येतील खाली?"

"आमच्याकडची एक अशीच गेली होती," मी म्हणालो, "ती अजून वरच आहे." आणि तिचंही ताट वाळूत ओढलं.