बॅटरीकाका

ज्या वसाहतीत मोटारी उभ्या करण्याची जागा आहे आणि त्या जागेवर सकाळी कचेरीच्या वेळेस सुरू होण्याचे नाकारणारी एखादी तरी मोटार आहे, त्या वसाहतीत एक सेवानिवृत्त गृहस्थ वहाणा सरकवीत आणि हातातील वर्तमानपत्राची सुरळी करीत त्या मोटारीजवळ अनाहूत उपस्थित होतात, हा अनुभव निदान पुण्यात तरी निरपवाद आहे. त्यांचे मूळ नाव सोसायटीच्या दप्तरात, आणि तेही थकबाकीदारांच्या यादीतच तेवढे आढळते. एरवी लहानथोर सर्व त्यांना ‘काका’ म्हणतात आणि ते जिना चढून गेल्यावर ‘बॅटरीकाका’.

काकांच्या निदानाची पद्धत ठरलेली आहे. बॉनेट उघडले जाण्यापूर्वीच ते डोळे मिटून घेतात आणि मालकाला म्हणतात, “हं, मारा सेल्फ.” आतून एक क्षीण ‘टक्’ असा आवाज येतो. काका डोळे उघडतात, सुरळी बगलेत मारतात आणि निकाल देतात, “बॅटरी गेली.” या निकालावर अपील नाही, कारण अपील ऐकण्यासाठी वरच्या मजल्यावरून जे दुसरे काका येतात, त्यांचा अधिकार केवळ टायरांपुरता मर्यादित आहे.

न्यायाच्या दृष्टीने पाहिले तर बॅटरीइतका सोयीचा आरोपी मोटारीत दुसरा नाही. ती वरच, हाताशी, दोन्ही टर्मिनले उघडी टाकून बसलेली असते. तिच्या खरेदीची तारीख वॉरंटीच्या कार्डावर नमूद असते. आणि ती तीन-चार वर्षांची झाली की तिच्या चारित्र्याविषयी कोणीही काहीही बोलावे. खरा गुन्हेगार पुष्कळदा तिला चार्ज करणारा अल्टरनेटर असतो. परंतु तो इंजिनाच्या कुशीत खाली दडून पट्ट्याच्या जोरावर गरागरा फिरत असतो, आणि त्याच्या अंगचे कार्बन झिजले, आतला एखादा डायोड जळाला अथवा पट्टा सैल पडला, तरी तो त्याचा ब्रही काढीत नाही. मोटार बनविणाऱ्यांनीही या खटल्यात खोटी साक्ष दिलेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. चार्जिंग बंद पडले की समोरच्या फलकावर जो लाल दिवा लागतो, त्यावर चित्र असते ते बॅटरीचे! फिर्यादीच्या अंगरख्यावरच आरोपीचा बिल्ला लावावा, असला हा कारभार आहे.

शिवाय काकांच्या निकालाला प्रथमदर्शनी पुरावाही मिळतो. मालक चार-पाच हजार रुपये मोजून नवी बॅटरी आणतो, ती दुकानातूनच पूर्ण भरून आलेली असल्यामुळे गाडी एका हाकेला सुरू होते, आणि पुढचे एक-दोन दिवस काका जिन्यात भेटेल त्याला “म्हटलं नव्हतं?” असे विचारीत सुटतात. तिसऱ्या दिवशी तीच गाडी, तोच ‘टक्’. अशा प्रसंगी सामान्य मनुष्य खजील झाला असता. काका मात्र दीर्घ निःश्वास टाकून म्हणतात, “आजकालच्या बॅटऱ्यांत राम राहिला नाही.”

काकांवर अन्याय होऊ नये म्हणून हे सांगणे अवश्य आहे, की त्यांची विद्या खोटी नव्हे. ती केवळ कालबाह्य आहे. त्यांच्याजवळ एके काळी फियाट होती, आणि त्या जमान्यातील फियाटला किंवा अँबॅसडरला असे तो डायनॅमो. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने 1960 मध्येच आपल्या व्हॅलियंट गाडीला अल्टरनेटर बसविला होता. पण आपल्याकडे डायनॅमोचा अंमल पुढे बराच काळ चालू राहिला, आणि 1983 साली मारुती अवतरली तेव्हा काकांचे शिक्षण पूर्ण झालेले होते. डायनॅमोच्या लोखंडात थोडेसे चुंबकत्व मुरलेले असे, त्यामुळे बॅटरी पार उतरलेली असली तरी चार माणसांनी धक्का दिला की तो आपला आपण जागा होई. अल्टरनेटरला मात्र काम सुरू करण्यासाठी आधी बॅटरीकडूनच थोडी उचल घ्यावी लागते. हा भेद ज्याला मान्य नाही, त्याच्या सोबतीने रात्री घाटातून प्रवास करू नये.

साताऱ्याहून परतताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे शेजाऱ्यांच्या मोटारीचे दिवे पिवळे पडू लागले, वायपर पावसाची मनधरणी केल्यासारखे फिरू लागले आणि हॉर्नचा घसा बसला, तेव्हा मागच्या आसनावर मी होतो आणि पुढच्या आसनावर काका. ही सगळी लक्षणे एकाच रोगाची: अल्टरनेटरने हात वर केलेले असतात आणि सारा संसार बॅटरी आपल्या पुंजीवर चालवीत असते. अशा वेळी वातानुकूलन, संगीत वगैरे चैन तत्काळ बंद करावी आणि इंजिन न थांबविता उजेडाचे ठिकाण गाठावे, एवढेच शहाणपण शिल्लक उरते. काकांनी हुकूम सोडला, “बाजूला घ्या, बंद करा, थोडी थंड होऊ द्या.” गाडी बंद झाली आणि खरोखरच थंड झाली. मग काकांनी धक्का मारण्याची तजवीज केली. आम्ही भर पावसात तिला इतके ढकलले, की मागून येणाऱ्या ट्रकचा क्लीनर सहानुभूतीने खाली उतरला. परंतु गाडीने हूं की चूं केले नाही. काका छत्री धरून मागून चालत होते आणि “आमची फियाट एव्हाना पुण्यात पोचली असती” असे सांगून आमचे मनोधैर्य वाढवीत होते.

दुसऱ्या दिवशी नाना पेठेतून वायरमन आला. हा अल्पभाषी प्राणी काकांच्या अगदी उलट प्रकृतीचा. त्याने आपल्याजवळची भरलेली बॅटरी लावून इंजिन सुरू केले मात्र, काकांनी आपला ठेवणीतला प्रयोग पुढे केला: चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायची, गाडी बंद पडली तर दोष डायनॅमोचा, चालू राहिली तर बॅटरीचा. वायरमनने त्यांचे मनगट अदबीने पण घट्ट धरले. “काका, डायनॅमोला ते चालायचं. ह्याला असं मधेच सोडवलंत तर ऐंशी-शंभर व्होल्टचा झटका निघतो. आतला कॉम्प्युटर जळला, तर ह्यांना गाडी विकून तो घ्यावा लागेल.” काकांनी हात मागे घेतला, पण वायरीवरची नजर काढली नाही.

मग त्याने खिशातून मीटर काढून टर्मिनलांवर टेकविला. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी बारा दशांश सहाच्या आसपास दाखविते आणि इंजिन चालू झाले की तो आकडा पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान चढावा लागतो. येथे दिवे लावले, पंखा लावला, इंजिनाला रेस दिली, तरी काटेकोर बाराच. तोही खाली घसरणारा. त्याने इंजिन बंद करून पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, जोडण्या हलवून पाहिल्या आणि मग अल्टरनेटर उतरवून त्याचे कार्बन तळहातावर घेतले. बोटाच्या पेराएवढे असावयाचे ते तुकडे हरभऱ्याच्या डाळीएवढे उरले होते. “म्हैस आटली होती साहेब,” तो मालकाला म्हणाला, “तुम्ही चरवी बदलत बसलात.” दुरुस्तीचे पैसे नव्या बॅटरीच्या पासंगालाही पुरले नसते. मालकाने काकांकडे पाहिले. काका सुरळी उलगडून प्रथमच वर्तमानपत्र वाचू लागले होते. “चार्जिंगचाच घोळ आहे, हे मी घाटातच ओळखलं होतं,” ते अग्रलेखाआडून म्हणाले, “पण तुम्ही घाबराल म्हणून बोललो नाही.”

अलीकडे तळमजल्यावरच्या एका तरुण जोडप्याने विजेवर चालणारी मोटार घेतली. ती एके सकाळी जागीच होईना. दारे उघडेनात, पडदा उजळेना. काका आले. सेल्फ मारण्याची सोय नसल्यामुळे त्यांनी डोळे मात्र मिटले आणि निकाल दिला, “बॅटरी गेली.” त्या गाडीच्या पोटातील मोठ्या बॅटरीची किंमत लाखांत असते हे ठाऊक असल्यामुळे त्या तरुणाची बायको जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. पण कंपनीचा माणूस आला, त्याने यातही दिवे, कुलपे वगैरेंसाठी वेगळी असणारी ती जुन्याच धर्तीची लहानशी बारा व्होल्टची बॅटरी तपासली आणि जाहीर केले, की खरोखरच बॅटरी गेलेली आहे.

साऱ्या वसाहतीने काकांकडे आदराने पाहिले. काकांचे मात्र समाधान झालेले दिसेना. ते बॉनेटमध्ये बराच वेळ वाकून शोधीत राहिले आणि शेवटी त्या माणसाला म्हणाले, “अहो, ह्याचा डायनॅमो कुठाय?”

“ह्याला नसतोच काका.”

“तरीच गेली,” काका म्हणाले.